सोळा बिटांचा ठेका

मी खोटं बोलत नाही. खऱ्याचा आवाज जरा वाढवतो, एवढंच. आयुष्य रेडिओ-टेप दुरुस्त करण्यात गेलं की ही सवय लागतेच. तेव्हा पुढे जे सांगतो आहे, त्याचं बटण तुम्ही आपापल्या हाताने हवं तेवढं मागे फिरवून घ्या.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा श्रीरामपूरला एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान होतं. दुकान एवढं ऐसपैस, की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर यावं लागे, आणि गिऱ्हाइकाबरोबर टीव्ही असेल तर आम्ही दोघंही बाहेर. पण नाव असं, की मी दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर बंद पडला तर लोक आधी वायरमनला बोलवायचे. मिस्तरीची चूक असेल, हे कोणाच्या मनात येत नसे. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगायचो.

एका सोमवारी सकाळी कॅनॉलपलीकडच्या गावातल्या अंगणवाडीच्या बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, उंच, पदर खोचलेला. तालुका त्यांना ओळखायचा तो मात्र अंगणवाडीमुळे नव्हे, गाण्यामुळे. त्यांच्या बौद्ध वस्तीत त्यांची गाणारी पार्टी होती. बाई गायच्या आणि त्यांचे धाकटे दीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते ढोलकी धरायचे. बाईंनी वरचा सूर लावला की साखर कारखान्याचा भोंगा ओशाळून पाच मिनिटं उशिरा वाजायचा. कामगारांनी कधी तक्रार केली नाही.

"जय भीम बाई, या," मी म्हणालो. "आज इकडं कुठं वाट चुकलात?"

बाई बोलल्या नाहीत. पिशवीतून पोरांची पाटी काढली, त्यावर लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. 'घशात गाठ. दोन महिने बोलायचं नाही. डॉक्टर.'

"आणि गाणं?"

त्यांनी पाटी पुसली. 'पुढचं पुढं बघू म्हणाले.' हे पुसताना हात जरा जास्तच जोरात फिरला.

मग पिशवीतून एक सोनेरी सीडी निघाली. पुढची हकिगत त्यांनी पाटी वीस वेळा पुसून सांगितली. वस्तीत नवं विहार उभं राहिलं होतं. त्याच्या विटा वस्तीतल्या बायांनी आणल्या होत्या. कामावरून परतताना भट्टीवर थांबायचं आणि दोन-दोन विटा डोक्यावर घेऊन यायचं, असं दोन वर्षं चाललं. त्यावर बाईंनी गाणं रचलं होतं. घसा बिघडत चालला तेव्हा पुण्यात स्टुडिओत कामाला असलेल्या त्यांच्या भाच्याने घाई करून ते तिथे रेकॉर्ड करून घेतलं. स्टुडिओची वेळ उसनी, वाजवणारे तिथलेच. आवाज डाव्या बाजूला घेतला, वाजंत्री उजव्या बाजूला, नंतर सावकाश एकत्र करू म्हणून. ते 'नंतर' काही आलं नाही. सीडी तशीच दुभंगलेली हातात पडली.

आणि आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, वस्तीत तिची चाचणी झाली होती. मंडपवाल्याचे दोन कर्णे, दोघांना दोन वेगळे अँप्लिफायर. एका कर्ण्याचं तोंड गावाकडे, दुसऱ्याचं कॅनॉलकडे. झालं काय, की गावाला बाईंचा नुसता आवाज ऐकू आला आणि कॅनॉलकडच्यांना नुसती वाजंत्री. अण्णा नेमके कॅनॉलच्या बाजूला बसलेले. तीस वर्षं वहिनीच्या आवाजामागे ढोलकी धरलेला माणूस, आणि त्याने चार मिनिटं दुसऱ्याचीच ढोलकी ऐकली, तीही वहिनीशिवाय. उठले, धोतर झटकलं, घरी गेले.

बाईंनी लिहिलं, 'भावजी रुसलेत. स्टुडिओत जागा नाही म्हणून त्यांना नेलं नव्हतं.' पुसलं. 'ते नंतर.' पुसलं. 'येत्या रविवारी उद्घाटन. माझा आवाज परत येईल न येईल. हे एकदा विहारात पुरं वाजलं पाहिजे. जमेल?'

आता कबूल करतो. डावं-उजवं एकत्र करायला दोन रेझिस्टन्स पुरतात. एकाचं टोक दुसऱ्याला जोडा, चहा पिऊन होण्याआधी काम संपतं. मलाही हे ठाऊक होतं. पण माझ्याकडे एक चिप होती.

ती मी मुंबईहून मागवून वर्षभर सिगारेटच्या चांदीत गुंडाळून ठेवली होती. दसऱ्याला सोल्डरिंग आयर्नशेजारी तिलाही फूल वाहिलं होतं. सीडीवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात, सेकंदाला चव्वेचाळीस हजारांच्या वर. ते आकडे वाचून त्यांचा आवाज करायचं काम असली चिप करते. साध्या प्लेअरमधली चिप सोळा बिटांची होती. माझी वीस बिटांची, अठ्ठावीस पायांची. तिच्यातून उसाच्या पाचटावरून सरडा गेलेलाही ऐकू येईल, असं मी अख्ख्या स्टँडला सांगून बसलो होतो. वापरायची संधी तेवढी आली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "जमेल म्हणजे काय! असं वाजेल की पुण्याचे लोक ऐकायला येतील."

बाईंनी पाटीवर फक्त लिहिलं, 'रविवारी सकाळी नऊ.'

एका बिघडलेल्या सीडी प्लेअरमधली जुनी चिप काढून मी तिथे नवी बसवली. खरं दुखणं तिथून सुरू झालं. या चिपला काय करायचं ते आधी सांगावं लागे. माहितीची पानं इंग्रजीत, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून इतकी पुसट, की निम्मं वाचायचं आणि निम्मं देवावर सोडायचं. त्यातून एवढं कळलं, की तीन तारांवरून चिपला सोळा बिटांचा, म्हणजे सोळा एक-शून्यांचा, एक निरोप द्यायचा. एका तारेवर एक किंवा शून्य ठेवायचं, दुसऱ्या तारेवर टिचकी मारून 'हे घे' म्हणायचं, असं सोळा वेळा. मग तिसऱ्या तारेवर एक टिचकी, म्हणजे निरोप संपला. त्या निरोपात सगळं येतं. आकडे किती बिटांचे, आवाज चालू का मुका, आणि मला हवं होतं ते, डावं-उजवं वेगळं की एकत्र.

हा निरोप द्यायला शहाणे लोक कॉम्प्युटर जोडतात. मी प्लायवूडच्या फळीवर घरातल्या दिव्याचा एक स्विच आणि दारावरच्या बेलची दोन बटणं ठोकली. स्विच वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. पहिलं बटण टिचकीचं, दुसरं शेवटचं. जगात कोणी चिपच्या दारावरची बेल वाजवून आत गेलं असेल, तर तो मीच.

पहिल्या दिवशी चिपने दार उघडलं नाही. बटण एकदा दाबलं तरी आतली पत्र्याची पट्टी थरथरते, आणि आपली एक टिचकी चिपला चार टिचक्या वाटतात. मी सोळा सांगत होतो, ती साठ ऐकत होती. मग बटणाला कपॅसिटर आणि एक छोटी आयसी लावून थरथर मारली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि आतून असा खरखराट आला, की शेजारचा सलूनवाला एका बाजूची मिशी तशीच ठेवून बाहेर धावला. चूक माझीच. आकडे किती बिटांचे, या रकान्यात मी वीस सांगितलं होतं. सीडीवर असतात सोळा, हे मला माहीत होतं. पण एवढी वीस बिटांची चिप मुंबईहून आणायची, तिला फूल वाहायचं, आणि तोंडावर 'सोळा' म्हणायचं? मनाला पटेना. शेवटी अपमान गिळून सोळा सांगितलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

तरी निरोप पुरा जाईना. नवव्या-दहाव्या बिटाला मी हमखास अडखळायचो. समोरून कोणी 'मिस्तरी, माझा रेडिओ?' म्हटलं की आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी मी असाच सातव्यांदा चुकलो आणि दारातून आवाज आला.

"काय चाललंय? वहिनीनं धाडलं म्हनून आलो न्हाई हां. बाजाराला आल्तो."

अण्णा होते. हातात रिकामी पिशवी. श्रीरामपूरचा बाजार शुक्रवारी भरतो.

"या अण्णा. गाणं जोडतोय."

"पुन्याचं वाजवनं दुरुस्त करताय म्हनं. मंग त्याला ताल बी शिकवा. लई घाई हाय गड्याला."

मी हसलो आणि पुन्हा दाबायला लागलो. एक शून्य, दोन शून्य... अण्णा स्टुलावर बसून बघत राहिले. मी चुकलो.

"तुमी मोजताय," अण्णा म्हणाले.

"मग? सोळा आहेत."

"सोळा मात्रा! आन् मोजून ताल येत आस्तो व्हय? बोल सांगा त्याचं."

"बोल नाहीत हो. एक आणि शून्य."

"एक मंजी धा. शून्य मंजी ति. आता म्हना."

मी कागद बघून वाचून दाखवलं. अण्णांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं टेकली आणि चार-चारची चार घरं पाडून म्हणाले, "तितितिति, तिधातिधा, धाधाधाति, तितितिति. ह्ये तर लहान पोर वाजवील. सरका."

मी सरकलो, म्हणजे दुकानाबाहेर उभा राहिलो. अण्णांचा डावा हात स्विचवर, उजवा बटणावर. एका लयीत सोळा टिचक्या, मग शेवटचं बटण. दोन्ही स्पीकरमधून बाई आणि वाजंत्री एकत्र बाहेर पडल्या. सलूनवाला पुन्हा बाहेर आला, या वेळी वस्तरा खाली ठेवून.

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. पहिलं कडवं संपलं तेव्हा म्हणाले, "बरा वाजवतोय त्यो. खोटं कशाला बोला." मग स्पीकरकडे बोट केलं. "पर वहिनी श्वास घेती तितं त्यो थांबत न्हाई. तिला ढकलत नेतोय. बघा, आता बघा... ह्ये. दमली ती."

मी हजार वेळा ऐकलं असतं तरी मला ते कळलं नसतं. अण्णांकडून ऐकल्यावर मात्र सारखं तेच ऐकू यायला लागलं.

जाताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आन् नुसता वहिनीचाच आवाज पायजे आसला, दोनी कर्न्यांत, तर?"

मी पानं चाळली. "तर तिसऱ्या घरातला पहिला आणि तिसरा धा गाळून तिथे ति म्हणायचं. तिधातिति. बाकी सगळं तेच."

"हूं," अण्णा म्हणाले आणि बाजार न करता गेले.

शनिवारी बाई प्लेअर न्यायला आल्या. मी ऐटीत सगळं समजावलं आणि शेवटी हळूच एक गोष्ट सांगितली. वीज गेली की चिप सगळं विसरते. परत आली की पुन्हा सोळा टिचक्या.

बाईंनी लिहिलं, 'आमच्याकडे वीज जाते.'

"म्हणून तर अण्णा लागतील, बाई. माझ्या हाताने होत नाही."

बाईंनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'मी बोलू शकत नाही. तुम्ही विचारा.'

मी संध्याकाळी सायकल मारत गेलो. अण्णा म्हणाले, "ढोलकीला हात लावनार न्हाई. बटनं दाबतो. वहिनीचं गानं हाय, त्येचं वाटूळं हुऊ देनार न्हाई मी."

रविवारी विहारापुढे मंडप गच्च भरला होता. माझ्या अंदाजाने दहा हजार माणूस. वस्तीची लोकसंख्या दीडशे होती, पण पाहुणे म्हणूनही काही असतं की नाही? वंदना झाली, भाषणं झाली. मग बाईंचं गाणं. प्लेअर आणि फळी एका टेबलावर, शेजारी अण्णा, मागे मी. टेबलाखाली अण्णांचं एक पोतं होतं. पाय ठेवायला आणलं असेल म्हणून मी काही विचारलं नाही. बाई पुढच्या रांगेत बायांमध्ये बसलेल्या, मांडीवर पाटी.

अण्णांनी सोळा वाजवले. गाणं एक होऊन दोन्ही कर्ण्यांतून गेलं.

'एक वीट माझ्या डोई, एक वीट तुझ्या डोई...'

विटा वाहिलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी वीज गेली.

मंडपवाल्याने जनरेटर ओढला, दोन मिनिटांत करंट आला, प्लेअरने आपोआप गाणं पहिल्यापासून धरलं. चिप अर्थातच सगळं विसरलेली. कॅनॉलकडे वाजंत्री सुरू झाली आणि गावाकडे काहीच नाही, कारण सुरुवातीला बाई गातच नव्हत्या. लोक चुळबुळले. मी प्लेअर बंद केला.

"अण्णा, लवकर!"

अण्णा हलले नाहीत. बाईंकडे बघत होते. बाईही त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता त्या काही लिहितील. त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. मांडीवरची पाटी आडवी केली आणि दोन्ही पंजे तिच्यावर ठेवले, एक इकडून, एक तिकडून. बोटं हळूच आपटली. एकदा. दोनदा.

अण्णांनी स्विच धरला. मी मनात बोल म्हणत होतो. तितितिति, तिधातिधा... तिसऱ्या घरात दोन धा पडलेच नाहीत, म्हणजे वाजंत्री गेली. मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. तोवर शेवटचं बटण दाबून अण्णा खाली वाकले होते आणि पोत्यातून ढोलकी निघाली होती.

"घरी उंदरं लई झाल्यात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कातडं खात्यात. म्हनून आनली. लावा आता."

मी प्लेअर लावला. कर्णे गप्प. सीडी फिरतेय हे मला दिसत होतं, पण बाईंच्या आवाजाआधी अर्धा मिनिट नुसती वाजंत्री होती, आणि ती आता कोणालाच ऐकू येणार नव्हती. खुर्चीवरचे विहार कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे असे बघायला लागले, की तेवढ्या उष्णतेत सोल्डर वितळलं असतं. अण्णांनी ढोलकी मांडीखाली दाबली आणि वाजवायला सुरुवात केली. आंधळ्यासारखं. आवाज कुठे येणार याची एकही खूण नव्हती. चाचणीत आणि माझ्या दुकानात ऐकलेलं डोक्यात होतं, तेवढंच. पुण्याच्या माणसाच्या निम्म्याच थापा टाकत होते. मला वाटलं चुकणार. त्यांनी एक तुकडा घेतला, तो फिरवून आणला आणि समेवर थाप पडली.

त्याच थापेवर बाई आल्या.

'एक वीट माझ्या डोई...'

मंडपात कोणीतरी "आगं आय!" म्हणालं. दोन्ही कर्ण्यांतून मोकळा आवाज, मागे फक्त ढोलकी. रेकॉर्डमधल्या बाई कुणासाठी थांबणार नव्हत्या, पण जिथे त्या श्वास घेत तिथे अण्णा हात उचलत, आणि तेवढी जागा रिकामी राहिली की वाटायचं, बाईच थांबल्या आहेत. पुढच्या रांगेतल्या बायांनी टाळी धरली. बाईंचे ओठ हलायला लागले तशी अण्णांनी वाजवता वाजवताच डोळे वटारले. बाईंनी ओठ मिटले आणि पदर तोंडावर धरला. पदराच्या वर डोळे हसत होते.

गाणं संपलं. टाळ्या किती वेळ चालल्या ते सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. "पुन्हा लावा," असा ओरडा झाला. नेमकी त्याच वेळी गावची वीज आली, मंडपवाल्याने जनरेटर बंद केला, आणि चिप पुन्हा कोरी झाली.

"अण्णा, बटणं," मी म्हणालो.

"मी आता ढोलकी खाली ठेवनार न्हाई. तुमी दाबा."

"माझं चुकतं, अण्णा. माहीत आहे ना तुम्हाला."

"चुकलं तर फुडच्या साली दसऱ्याला तुमच्या चिपला आमी फूल वाहू. दाबा, मी बोल सांगतो."

अख्ख्या मंडपासमोर मी त्या बेलच्या बटणांपुढे उभा राहिलो. अण्णा ढोलकीवर सावकाश बोल वाजवत होते आणि तोंडाने म्हणत होते. तितितिति. पुढच्या रांगेतल्या बायाही त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या, कशासाठी ते माहीत नसताना. तिधातिधा. माझा हात घामाने स्विचवरून घसरत होता. तिधातिति. बाई उठून टेबलाशी आल्या आणि माझ्या बोटांकडे, पोराचं अक्षर तपासावं तशा, बघत उभ्या राहिल्या. तितितिति.

मी शेवटचं बटण दाबलं. अण्णांनी ठेका धरला. अर्धा मिनिट आम्ही सगळे थांबलो, दीडशे माणसं आणि बाकीचे पाहुणे. मग चिप खरंच चांगली होती म्हणून असेल, दोन्ही कर्ण्यांतून आधी एक लांब श्वास ऐकू आला. अण्णांचा हात वर उचललेला होता. बाईंनी माझ्याशेजारी उभ्या राहून तसाच श्वास घेतला, आणि तोंड मिटूनच ठेवलं.